हिरवी खडी

९ सप्टेंबर

ही वही नीवेसने पाठवली. माझी लेक. सोबत चिठ्ठी: "आई, एकटी भिंतींशी बोलत बसतेस त्यापेक्षा इथे लिहीत जा." म्हणजे आईच्या डोक्यावर परिणाम झालाय हे तिने ठरवून टाकलंय, फक्त तोंडावर म्हणायची हिंमत नाही. खाली सोंद्रिओ शहरात राहायला गेल्यापासून पोरगी फार सभ्य झाली आहे.

तर लिहिते. मी देल्फीना. प्रादास्क गावातलं सगळ्यात वरचं घर माझं. त्याच्या वर छपराच्या दगडी पाट्यांची खाण, आणि खाणीच्या वर नुसता डोंगर. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये खाणीच्या बोगद्याचं छत बसलं आणि ओरेस्ते, माझा नवरा, आत राहिला. त्याला बाहेर काढता आलं नाही. खाली दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड लावलाय, पण त्याच्याखाली कोणीच नाही. तो इथे आहे, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीमागे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. नीवेस म्हणते, हिवाळ्याआधी घर बंद कर आणि आमच्याकडे ये, नवा फ्लॅट बांधला जातोय, नळाला गरम पाणी असेल. गरम पाण्यासाठी नवऱ्याला सोडून जायचं?

पण इथे राहायचं तर चूल पेटायला हवी, आणि बंद पडलेली खाण पोटाला काही देत नाही. आज नांदो ट्रकवाला आला होता. मोझॅकच्या फरशा करणारे म्हणे हिरव्या खडीसाठी वेडे झालेत. "तुझ्या दाराशी एवढा माल पडलाय आणि तू कोबीचं सूप पिऊन दिवस काढतेस?" म्हणाला. माल म्हणजे खाणीतल्या टाकाऊ दगडांचा ढीग. पणजोबांच्या पणजोबांपासून साठलाय, घराच्या खालच्या अंगाला, उतार संपतो तिथे, चर्चएवढा उंच. मी हो म्हटलं.

१४ सप्टेंबर

ट्रक सुरू झाले. चेल्सो तणतणत वर आला. हा ओरेस्तेचा थोरला भाऊ. खाली गावातल्या घरात एकटा राहतो, लग्न केलं नाही, कारण बायकांना दगडांबद्दल ऐकायला आवडत नाही अशी त्याची समजूत.

"कोणाला विचारून पायाला हात लावलास?"

आमच्याकडे त्या ढिगाला ढीग म्हणत नाहीत, पाय म्हणतात. डोंगराचा पाय. खाण चालू होती तेव्हा दर शनिवारी घरी जाण्याआधी प्रत्येक खाणकऱ्याने एक दगड त्यावर ठेवायचा, आणि तोही फुटका नाही, चांगला, छपरावर चालेल असा. आणि त्यातून कधी एक दगडही उचलायचा नाही, कोंबड्यांच्या खुराड्यासाठीसुद्धा नाही. का, ते कोणी सांगत नाही. विचारलं तर म्हणतात, मेलेले त्याला टेकून बसतात. खाण बंद झाली तरी चेल्सो अजून दर शनिवारी दगड ठेवून येतो.

"मेलेल्यांना टेकायला दुसरं काहीतरी मिळेल," मी म्हटलं. "मला जगायचंय."

"मग माझ्याकडे जेवत जा."

"तुमच्या हातची मक्याच्या पिठाची पोलेंटा? ती छपरावर घाला चेल्सो, शंभर वर्षं गळणार नाही."

एरवी हसला असता. आज हसला नाही. टोपी डोक्यावर आपटून खाली गेला. मला जरा वाईट वाटलं, पण ट्रक भरल्यावर गेलं तेही.

२२ सप्टेंबर

विद्यापीठातून एक दगडांची डॉक्टरीण आली आहे. तुल्लिया नाव. गळ्यात भिंग, कमरेला हातोडी, बुटांना अर्धा डोंगर चिकटलेला. दुपारी स्वयंपाकघरात बसून माझं बकरीचं चीज खाल्लं आणि दगडाचा इतिहास सांगितला.

हा दगड म्हणे आधी काळा होता, समुद्राच्या तळाशी ओतलेला ज्वालामुखीचा रस. मग तो जमिनीच्या पोटात गेला. वितळेल इतका तापला नाही, पण पूर्वीसारखा राहील इतका थंडही राहिला नाही. वरून ओझं, खालून ऊब आणि आत झिरपणारं पाणी, एवढ्याने तो जागच्या जागी दुसराच झाला. काळी खनिजं गेली, हिरवी आली. क्लोराइट, एपिडोट, आणखी एक नाव सांगितलं ते माझ्या जिभेवर बसेना. याला कमी प्रतीचं रूपांतर म्हणतात, असं ती म्हणाली.

"कमी प्रतीचं?" माझा पारा चढला. "आमच्या माणसाने काढलेल्या पाट्या सगळ्या खोऱ्याच्या छपरांवर आहेत, बाई."

"प्रत म्हणजे उष्णतेची हो. दगडाची नाही," ती घाईघाईने म्हणाली आणि लाल झाली. पोर चांगली आहे.

मग तिने खिशातून एक तुकडा काढून भिंग माझ्या हातात दिलं. त्यात वाटाण्याएवढे गोटे, कोनाकोनांचे, घडवल्यासारखे. "हे गार्नेट होते, रत्नाचे खडे," ती म्हणाली. "लाल. डोंगर सगळ्यात खोल गेला होता तेव्हाचे. वर येताना त्यांच्यात पाणी शिरलं. आता आकार गार्नेटचा आणि आतून सगळं हिरवं क्लोराइट."

"आणि गार्नेट कुठे गेला?"

"कुठेच गेला नाही. कणाकणाने बदलला. पण शेजारच्या दगडाने त्याची जागा तशीच धरून ठेवली."

मी विचारलं, एखादा माणूस आत राहिला तर? तिने चीजची बशी बाजूला सरकवली. तिला गावात कोणीतरी सांगितलं असणार. मग विषय बदलायचा म्हणून दगडांचे थर कसे आहेत ते सांगायला लागली: सगळे खोऱ्याकडे कललेले, उतरत्या फळीवर रचलेल्या वह्यांसारखे, आणि मधलं क्लोराइट हाताला साबणासारखं.

"म्हणजे आतलं सगळं माझ्या घराच्या दिशेने कललंय?"

"दिशा तीच आहे," ती म्हणाली. पण तिचं लक्ष पुन्हा त्या दाण्यांवर गेलं होतं. पिशवीभर घेऊन गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी संध्याकाळी गुणगुणत बकऱ्या बांधल्या.

१ ऑक्टोबर

आज तो बोलला.

पोलेंटा ढवळत होते. ऊन दारात आलं होतं. भिंतीतून ठोके आले: दोन लागोपाठ, मग थांबून एक. ओरेस्ते आतून हातोडीच्या पाठीने असाच ठोकायचा. म्हणजे जेवण घेऊन ये. पळी हातातून पडली. मी भिंतीला कान लावून उभी राहिले, पोलेंटा करपली, पुन्हा काही आलं नाही. भिंत मात्र गार नव्हती. का मलाच तसं वाटलं?

घाबरले का? खरं लिहिते, नाही. रडले खूप.

४ ऑक्टोबर

पुन्हा. या वेळी दोनदा. ट्रक भरून गेल्यानंतर.

९ ऑक्टोबर

आता लक्षात आलं. ज्या दिवशी नांदो जास्त खेपा नेतो, त्या दिवशी ओरेस्ते जास्त बोलतो. ढीग मध्ये होता म्हणून त्याला माझ्यापर्यंत येता येत नव्हतं. जुने लोक म्हणायचे मेलेले पायाला टेकून बसतात. बसणारच, समोर एवढा अडथळा असेल तर काय करतील! नांदोला सांगितलं, दिवसाला आणखी एक खेप वाढव. तो खूश झाला. का म्हणून ते त्याला सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर

कपडे वाळत घालायची दोरी घराच्या कोपऱ्यापासून वरच्या लार्चच्या झाडाला बांधलेली आहे. वसंतात मी ती सैल बांधली होती, चादरी जमिनीला लागायच्या म्हणून शिव्या घालत होते. आज बघते तर ताठ. बोट लावलं तर वाजली. वारा सुटला की बारीक सूर धरते, आणि वारा पडला तरी थोडा वेळ गातच राहते. ओरेस्ते काम करताना असाच नाकात गायचा, धड एकही गाणं नाही.

ओल्या चादरी हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. बकऱ्या गोठ्यात जायला तयार नाहीत, दारात पाय रोवून उभ्या राहतात. शेवटी त्यांना चेल्सोकडे बांधलं.

१७ ऑक्टोबर

चेल्सोने आज न विचारता माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली, दोन टोकांना सिमेंट लावून. म्हटलं, हा काय नवा देवाचा फोटो?

"ही तुटली की मला सांगायचं. लगेच."

"आणि मग?"

"मग तू माझ्याकडे राहायला यायचं. बकऱ्या आल्याच आहेत."

"लोक काय म्हणतील? दिराने आधी बकऱ्या पळवल्या, मग भावजय."

या वेळी हसला बिचारा. पण जाताना दारात थांबून म्हणाला, "देल्फीना, तुला काही ऐकू येतं का?" मी नाही म्हटलं. ओरेस्ते माझा आहे. त्याचे ठोके मी कोणाबरोबर वाटून घेणार नाही.

खिडकीतून पाहिलं तर चेल्सो ढिगापाशी. काल नांदोच्या ट्रकमधून रस्त्यावर सांडलेले दगड वेचून परत वर रचत होता. एक ठेवायचा, ठक, मग कंबर धरत खाली जायचा, दुसरा आणायचा. ट्रक एका खेपेत नेतो तेवढं परत रचायला त्याला वर्ष लागेल. साठी उलटलेला माणूस, आणि हे चाळे. दार उघडून ओरडले, "चेल्सो, शनिवार नाहीये आज!" त्याने हात हलवला आणि पुढचा आणायला गेला.

२१ ऑक्टोबर

काच तुटली. सकाळी बघितलं तेव्हा दोन तुकडे, मध्ये करंगळी जाईल एवढी फट. मी ते काढून चुलीत टाकले आणि फटीपुढे तव्यांची मांडणी ओढली. सांगितलं तर चेल्सो मला उचलून नेईल. भेगेला तोंड लावून मी त्याचं नाव घेतलं. आतून गार ओलसर वारा आला, खाणीचा वास असतो ना, तसाच. ओरेस्ते घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांना यायचा तो वास.

२६ ऑक्टोबर

आठवडाभर पाऊस. अंगणातला झरा आटला. एवढ्या पावसात! आणि तळघरात पाणी आलंय, हिरवट, दूध घातल्यासारखं. हात बुडवला तर बुळबुळीत. तुल्लिया म्हणाली होती तसंच, साबणासारखं.

एक गोल चेस्टनट टेबलावर ठेवला तर तो आपोआप खोऱ्याकडच्या कडेला घरंगळतो आणि पडतो. तीनचार ठेवून पाहिले. सगळे एकाच बाजूला.

आज एक शंका आली आणि ती लिहायलाच हवी. ओरेस्ते जर खरंच येत असेल तर तो कसा असेल? आकार त्याचा आणि आत सगळं हिरवं? मला ओळखेल का? मग वाटलं, मी तरी कुठे तीच राहिले आहे. दोन वर्षं ओझं आणि ओल सोसून मीही आतून बदललेच असेन. या विचाराने बरं वाटलं.

३१ ऑक्टोबर

नीवेस आली. पोट चांगलंच पुढे आलंय, फेब्रुवारीत बाळ होईल. घरात पाऊल टाकल्या टाकल्या भिंतीला हात लावून उभी राहिली.

"आई, मला गरगरतंय. घर वाकडं झालंय का?"

"तूच वाकडी झाली आहेस, सहावा महिना आहे."

"आई, थट्टा पुरे. परवा मी खाली जाणार ती तुला घेऊनच."

ती रात्रभर इथे झोपणार याचा मला राग आला. लेकीचा राग आला, लिहायला लाज वाटते. पण ती असली की तो बोलत नाही. शेवटी मीच म्हटलं, तुला इथे जिने झेपायचे नाहीत, चेल्सोकडे झोप. ती चकित होऊन बघत राहिली, पण गेली. चेल्सोचं घर आता भरलं: बकऱ्या, लेक आणि बकऱ्यांच्या केसांनी येणाऱ्या तिच्या शिंका.

१ नोव्हेंबर

उद्या मेलेल्यांचा दिवस. आज संध्याकाळीच टेबलावर पाण्याची घागर आणि उकडलेल्या चेस्टनटचं भांडं ठेवलं. आमच्याकडे सगळेच ठेवतात, लांबून चालत आलेल्यांना तहान लागते. मी त्याचं ताटही मांडलं. चेस्टनट घरंगळू नयेत म्हणून भांड्याखाली घडी घालून फडकं सरकवलं.

ठोके आता थांबतच नाहीत. भिंतीतून, जमिनीतून, चुलीच्या दगडातून. दोरीचा आवाजही चढला आहे. तो अगदी दाराशी आहे. उद्या मी चर्चमध्ये मिस्साला जाणार नाही.

४ नोव्हेंबर, चेल्सोच्या घरी

जे झालं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

परवा सकाळी दार उघडेना. कडी निघत होती, पण दार हलत नव्हतं. बाहेरून कोणीतरी पूर्ण भार टाकून टेकून उभं असावं तसं. मी दाराला पाठ लावून बसले आणि म्हटलं, आलास? तेवढ्यात खिडकीची काच फुटली आणि चेल्सोचं डोकं आत आलं.

"खिडकीतून बाहेर ये."

"दाराशी कोण आहे बघा आधी."

"दाराशी कोणी नाही, देल्फीना. ये."

"मी आज घरी थांबणार आहे."

तेव्हा तो म्हणाला, "आज मेलेल्यांचा दिवस आहे. घरं त्यांची. जिवंत माणसांनी आज खाली चर्चला जायचं असतं. तुझी पोटुशी लेक वाटेवर उभी आहे, तुझ्याशिवाय हलत नाही म्हणते. तिला उभी ठेवणार आहेस?" आणि माझ्या काखेत हात घालून त्याने मला बाहेर ओढलं, पिठाचं पोतं काढावं तसं. माझा स्कर्ट खिळ्याला अडकून फाटला. मी त्याला नाही नाही ते बोलले.

अंगणात दोरी तुटून पडली होती.

"तुम्ही नाही येत?" नीवेसने विचारलं.

"येतो. थोडे दगड ठेवून येतो." तो ढिगाकडे गेला. ढीग कसला, नांदोने खरवडून उरलेला कंबरभर उंचवटा. मी वळून पाहिलं नाही, रागावले होते. पाठीमागे ठक झालं. मग बऱ्याच वेळाने पुन्हा ठक. गावात पोचेपर्यंत ऐकू येत होतं.

चर्चमध्ये पाद्री मेलेल्यांची नावं वाचत होते. ओरेस्तेचं नाव आलं आणि मेणबत्त्या एकदम एका बाजूला झुकल्या. मग आवाज. हजार ट्रक एकाच वेळी खडी ओततायत असा, आणि तो संपेचना. बाहेर आलो तर वरचं काही दिसत नव्हतं, नुसती हिरवी धूळ. ती सगळ्यांच्या टोप्यांवर, खांद्यांवर बसली, जिभेवरही आली. गाव सगळं चर्चमध्ये होतं म्हणून कोणाला काही झालं नाही. एक चेल्सो सोडून.

माझं घर नाही. खाणीचं तोंड नाही. पाय होता तिथे आता डोंगरच आहे.

६ नोव्हेंबर

जिल्ह्याचे इंजिनियर आले होते. पाऊस, ओलावा, असं काहीतरी म्हणाले. एकाने ढिगाबद्दल विचारलं, कोणी काढला, कधीपासून. नीवेसने मला पटकन घरात नेलं. नांदो बघायला आला होता, पण माझ्याकडे न बघता गेला. सगळे माझ्याशी फार हळू बोलतात.

मला चेल्सोचा राग येतो. ओरेस्ते माझ्यासाठी आला होता. एवढ्या लांबून, एवढा डोंगर अंगावर घेऊन. आणि मध्ये हा उभा राहिला, हातात दगड घेऊन. आता दोघे भाऊ आत आहेत आणि मी बाहेर.

बकऱ्या त्याची वाट बघत दिवसभर ओरडतात.

१२ जानेवारी, सोंद्रिओ

नवा फ्लॅट. नळाला गरम पाणी खरंच आहे. पहिल्या दिवशी बूट काढले आणि खाली पाहिलं. मोझॅक. हिरव्या खडीचं. न्हाणीघरात, बेसिनच्या पायाशी, एक दाणा बरोबर मधोमध कापला गेलाय, कोनाकोनांचा, आतून हिरवा. मी गुडघ्यांवर बसून त्यावरून बोट फिरवलं. नीवेस म्हणाली, "आई, पुसायला बाई येते." तिच्या नवऱ्याने कौतुकाने सांगितलं, सध्या सगळीकडे हीच फरशी आहे: जिन्यात, समोरच्या दवाखान्यात, शाळेत.

मला वाटलं, बरं झालं. आता ओरेस्ते येईल.

३ फेब्रुवारी

आला. दुपारी, बाळाचे कपडे घड्या घालताना. जमिनीतून एक ठोका. मी कपडे टाकून आडवी झाले, कान फरशीला. पुढचे दोन यायची वाट पाहिली. आले नाहीत. कितीतरी वेळाने पुन्हा एकच.

नीवेस म्हणते गरम पाण्याचे पाइप आहेत.

१९ फेब्रुवारी

मुलगा झाला. नीवेसला चेल्सो नाव ठेवायचंय. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ठोके रोज येतात. मी आता खात्रीने सांगू शकते की ते ओरेस्तेचे नाहीत. ओरेस्ते दोनदा ठोकून थांबायचा. हा एकच असतो, जड, काहीतरी खाली ठेवल्याचा. मग मधे वेळ जातो. एक माणूस कंबर धरत उतार उतरेल, वाकून दुसरा उचलेल आणि धापा टाकत वर येईल, तेवढा. मग ठक.

तेव्हा स्वयंपाकघरात ऐकलेलं सगळं मी पुन्हा पुन्हा आठवून पाहते. ते दोन लागोपाठ आणि थांबून एक, ते खरंच तसे होते का? मला शपथ घेऊन सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नदीवर गेले होते. बऱ्याच शोधानंतर एक मिळाला: सपाट, धडधाकट, छपरावर चालेल असा. शालीत गुंडाळून आणला.

"आई, हे काय?" नीवेस दारात उभी, बाळ खांद्यावर. "दगड कशाला घरात?"

"चांगला आहे," मी म्हटलं. "फुटका नाही."

ती बाळाला घेऊन तिथेच उभी राहिली.

फरशीखाली ठक झालं. मग मी माझा खिडकीखाली, भिंतीच्या पायाशी ठेवला. जमेल तेवढा अलगद, पण आवाज झालाच. नंतर बराच वेळ खालून काही आलं नाही. तोही ऐकत असावा.